कॅमेराविरहित चित्रपट

कॅमेराविरहित चित्रपट म्हणजे कॅमेऱ्याने चित्रण न करता फिल्मच्या पट्टीवरच थेट घडवलेला चित्रपट. पट्टीवर रंगवणे, तिचा लेप ओरखडणे, तिच्यावर वस्तू चिकटवणे, प्रकाशसंवेदी लेपावर वस्तू ठेवून प्रकाश पाडणे, किंवा पट्टी काही काळ माती, पाणी आणि बुरशी यांच्या स्वाधीन करणे या त्याच्या मुख्य रीती आहेत. प्रायोगिक चित्रपटाच्या या शाखेत पाने, फुले, गवत, बिया, कीटकांचे पंख अशा नैसर्गिक साहित्याला विशेष स्थान आहे. अमेरिकन चित्रपटकार स्टॅन ब्राखाज यांचा ‘मॉथलाइट’ (१९६३) हे या प्रकाराचे सर्वपरिचित उदाहरण होय.

कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रपटात वस्तूची प्रतिमा असते. येथे मात्र वस्तू स्वतःच दिव्यासमोरून जाते. या एका फरकातून या प्रकाराची वैशिष्ट्ये आणि त्याच्या अडचणी दोन्ही निर्माण होतात. पानाला चौकट नसते, त्यामुळे पडद्यावरील गती वेगळ्या रीतीने घडते. पान सुकते, ठिसूळ होते आणि गळते, त्यामुळे मूळ पट्टी दाखवली तर झिजते आणि जपून ठेवली तर कोणाला दिसत नाही. लागणारे साहित्य कोणत्याही वनप्रदेशात मिळू शकते. महाराष्ट्राच्या पूर्व भागातील भंडारा जिल्हा तेथील तसर रेशीम व्यवसायामुळे या दृष्टीने उल्लेखनीय आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

या प्रकाराला ‘थेट चित्रपट’ किंवा ‘हस्तनिर्मित चित्रपट’ असेही म्हटले जाते. तिन्ही संज्ञांचा अर्थ अगदी एक नाही. कॅमेऱ्याने चित्रित केलेली पट्टी नंतर हाताने धुतली किंवा रंगवली तर तो चित्रपट हस्तनिर्मित ठरतो, पण कॅमेराविरहित ठरत नाही. संगणकावर तयार केलेल्या सचेतपटातही कॅमेरा नसतो, तरी त्याला ही संज्ञा लावत नाहीत. कारण तिच्यात फिल्मच्या पट्टीशी हाताचा प्रत्यक्ष संबंध गृहीत धरलेला असतो. ‘थेट चित्रपट’ ही संज्ञा मराठीत माहितीपटाच्या एका वेगळ्या प्रवाहासाठीही वापरली जात असल्याने ‘कॅमेराविरहित’ हा शब्द अधिक निःसंदिग्ध आहे.

पूर्वपीठिका

कॅमेऱ्याशिवाय चित्र उमटवण्याची कल्पना चित्रपटापेक्षा जुनी आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८३० च्या दशकात इंग्लंडमध्ये चांदीच्या क्षारांचा लेप दिलेल्या कागदावर पाने आणि लेस ठेवून उन्हात त्यांच्या आकृती मिळवल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून ब्रिटिश शैवालांच्या निळ्या ठशांचा संग्रह प्रकाशित करण्यास सुरुवात केली. त्यात शैवालाचा नमुना कागदावर ठेवून थेट उन्हात ठसा घेतलेला आहे. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये फुलापानांचा रसच संवेदी लेप म्हणून वापरण्याचे प्रयोग मांडले. रस लावलेला कागद उन्हात विटतो आणि झाकलेला भाग गडद राहतो. हे ठसे पक्के करता येत नसल्याने उजेडात हळूहळू नाहीसे होतात.

चित्रपटाच्या पट्टीवर थेट रंगवण्याचे आरंभीचे प्रयोग इटलीत आर्नाल्दो जिन्ना आणि ब्रुनो कोर्रा या बंधूंनी १९१० च्या सुमारास केले. त्या पट्ट्या आज उपलब्ध नाहीत. मॅन रे यांचा ‘ल रतूर आ ला रेझाँ’ हा लघुपट जुलै १९२३ मध्ये पॅरिसमधील दादावाद्यांच्या एका कार्यक्रमात दाखवण्यात आला. त्याच्या काही भागासाठी त्यांनी अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मवर मीठ, मिरपूड, टाचण्या आणि खिळे पसरून क्षणभर दिवा लावला होता. स्वयंपाकघरातील मीठ पडद्यावर हिमवर्षावासारखे दिसते. घाईने चिकटवलेले सांधे प्रक्षेपणाच्या वेळी तुटल्याचे मॅन रे यांनी नोंदवले आहे; चिकटवलेल्या पट्टीच्या बाबतीत ही अडचण पुढेही कायम राहिली.

न्यूझीलंडचे लेन लाय यांनी ‘अ कलर बॉक्स’ (१९३५) हा रंगवलेला लघुपट ब्रिटिश टपाल खात्याच्या चित्रपट विभागासाठी केला. त्यांचा ‘फ्री रॅडिकल्स’ (१९५८) काळ्या फिल्मवर टोकदार हत्यारांनी ओरखडून केलेला आहे. कॅनडात नॉर्मन मॅकलॅरेन यांनी ‘बिगॉन डल केअर’ (१९४९) आणि ‘ब्लिंकिटी ब्लँक’ (१९५५) या लघुपटांत रंगवणे आणि ओरखडणे या दोन्ही रीती पूर्णत्वाला नेल्या. युनेस्कोच्या शैक्षणिक प्रकल्पाच्या निमित्ताने १९५० च्या दशकाच्या आरंभी मॅकलॅरेन भारतातही आले होते.

मॉथलाइट

स्टॅन ब्राखाज (१९३३–२००३) यांनी ‘मॉथलाइट’ कोलोरॅडोत केला, त्या काळात त्यांच्याकडे फिल्म विकत घेण्यास पैसे नव्हते. दिव्याकडे झेपावून मेलेले पतंग त्यांनी गोळा केले. त्यांचे पंख, फुलांच्या पाकळ्या, गवताची पाती आणि बारीक पाने त्यांनी फिल्म जोडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पारदर्शक चिकटपट्टीच्या दोन थरांमध्ये दाबून बसवली. १६ मिमी रुंदीची ही पट्टी मग प्रयोगशाळेत छापून तिची प्रत काढण्यात आली. चित्रपट मूक असून त्याची लांबी चार मिनिटांच्या आत आहे.

या चित्रपटाचे वर्णन बहुधा ‘पतंगांचे पुन्हा उडणे’ असे केले जाते. ते फार सोपे वर्णन आहे. पडद्यावर पतंग उडताना दिसत नाही; पंखाच्या शिरा, देठाचा तुकडा, पाकळीचा काठ असे तपशील चौकटीगणिक आदळतात, आणि मधूनच एखादी आकृती ओळखीची वाटते तोच ती निघून जाते. गती पंखांच्या मांडणीतून आणि प्रोजेक्टरच्या चालीतून येते. हे साहित्य कॅमेऱ्याने टिपले असते तर प्रत्येक चौकटीत एक पूर्ण पंख दिसला असता. येथे एकच पंख अनेक चौकटींत तुकड्यातुकड्यांनी वाटला जातो, आणि चित्रपटाची सारी धडधड या वाटणीत आहे.

ब्राखाज यांनी सुमारे दोन दशकांनंतर ‘द गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स’ (१९८१) हा दोन-अडीच मिनिटांचा लघुपट ३५ मिमी पट्टीवर डोंगराळ भागातील वनस्पती वापरून केला. त्याचे शीर्षक चित्रकार हिएरोनिमस बॉश यांच्या प्रसिद्ध चित्रावरून घेतलेले आहे. पुढील काळात ते मुख्यतः फिल्मवर रंगवू लागले. त्यांचा मृत्यू मूत्राशयाच्या कर्करोगाने झाला. वर्षानुवर्षे हाताळलेल्या डांबरजन्य रंगांशी त्या आजाराचा संबंध असावा असे मानले जाते. नैसर्गिक साहित्याकडे वळणाऱ्या नंतरच्या कलावंतांमध्ये अशा रसायनांपासून दूर राहण्याचा हेतूही आढळतो.

निसर्गाच्या स्वाधीन केलेली पट्टी

काही कलावंतांनी वस्तू पट्टीवर आणण्याऐवजी पट्टीच निसर्गात नेली. डेव्हिड गॅटन यांनी ‘व्हॉट द वॉटर सेड’ या मालिकेसाठी (आरंभ १९९७–९८) कोरी फिल्म खेकडे पकडण्याच्या सापळ्यात घालून दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात सोडली. वाळू, मीठ आणि जलचरांनी तिच्यावर जे उमटवले तेच चित्र आणि तोच ध्वनी झाला. जेनिफर रीव्ह्ज यांनी ‘लँडफिल १६’ (२०११) साठी आपल्याच जुन्या चित्रपटातील टाकाऊ पट्टी जमिनीत पुरली आणि नंतर तिच्यावर रंगकाम केले.

तोमोनारी निशिकावा यांचा ‘साउंड ऑफ अ मिलियन इन्सेक्ट्स, लाइट ऑफ अ थाउजंड स्टार्स’ (२०१४) हा दोन मिनिटांचा लघुपट या गटात वेगळा आहे. त्यांनी ३५ मिमी फिल्म फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रापासून सुमारे २५ किलोमीटरवर, गळालेल्या पानांखाली एका रात्रीपुरती पुरून ठेवली. पडद्यावर दिसतात ते निळसर पटलावरील ठिपके आणि ओरखडे. त्यांतील कोणता ठिपका मातीचा आणि कोणता किरणोत्साराचा हे पाहून सांगता येत नाही, आणि प्रेक्षकाला अस्वस्थ करते ते नेमके हेच.

नेदरलँड्सचे कारेल डोइंग यांनी २०१० च्या दशकात ‘फायटोग्राम’ ही रीत विकसित केली. तिच्यात वनस्पती स्वतःच रसायनाचे काम करते. ‘द मल्च स्पायडर्स ड्रीम’ (२०१८) हा त्यांचा लघुपट या रीतीने केलेला आहे.

तंत्र

पट्टी आणि वेळ

१६ मिमी फिल्मवर एका चौकटीची उंची सुमारे ७.६ मिमी असते. सेकंदाला २४ चौकटी या वेगाने एका सेकंदात १८.३ सेंमी पट्टी प्रोजेक्टरमधून जाते. ३५ मिमी फिल्मवर चौकट १९ मिमी उंचीची असते आणि सेकंदाला सुमारे ४५.६ सेंमी पट्टी लागते. १०० फूट लांबीच्या १६ मिमी गुंडाळीत ४,००० चौकटी, म्हणजे पावणेतीन मिनिटांचा चित्रपट मावतो.

या आकड्यांचा परिणाम पहिल्या प्रयत्नातच लक्षात येतो. १५ सेंमी लांबीचे पान १६ मिमी पट्टीवर उभे चिकटवले तर ते २० चौकटी व्यापते, पण पडद्यावर एका सेकंदापेक्षाही कमी वेळ दिसते. एका मिनिटासाठी सुमारे ११ मीटर पट्टी भरावी लागते. गवताचे लांब पाते अनेक चौकटींतून सलग जात असल्याने पडद्यावर स्थिर, किंचित थरथरणाऱ्या रेषेसारखे दिसते, तर बारीक बिया प्रत्येक चौकटीत वेगळ्या जागी असल्याने उसळताना दिसतात. त्यामुळे मांडणी करताना वस्तूंच्या सौंदर्यापेक्षा त्यांची लांबी आणि त्यांच्यातील अंतर यांचा विचार आधी करावा लागतो.

चिकटवण्याची रीत

यासाठी कोरी पारदर्शक पट्टी लागते. ती न मिळाल्यास टाकाऊ फिल्मवरील जिलेटिनचा लेप विरंजक द्रावणाने काढून पारदर्शक पट्टी मिळवता येते. हे काम हातमोजे घालून मोकळ्या हवेत करतात. साहित्य आधी जाड पुस्तकात किंवा वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून पूर्ण सुकवले जाते. ओल राहिल्यास चिकटपट्टीखाली बुडबुडे आणि बुरशी येते.

जाडी ही येथील मुख्य मर्यादा आहे. फिल्म स्वतः साधारण ०.१४ मिमी जाड असते आणि प्रोजेक्टरचे दार त्याच मापाने बनवलेले असते. देठ, जाड शीर किंवा अखंड बी असलेली पट्टी त्यात अडकते, फाटते किंवा अडकलेल्या जागी दिव्याच्या उष्णतेने वितळते. पट्टीच्या कडेची छिद्रे मोकळी ठेवणेही आवश्यक असते, कारण प्रोजेक्टरचे दाते त्यांतच बसतात. साहित्य अर्धपारदर्शक असावे लागते. कितीही रंगीत पाकळी असली तरी तिच्यातून प्रकाश गेला नाही तर पडद्यावर काळा डागच दिसतो.

वनस्पती आणि ऊन

फायटोग्राम रीतीत धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्वाची पूड पाण्यात मिसळून त्या द्रावणात पाने, गवत किंवा फुले भिजवली जातात. ती कृष्णधवल फिल्मच्या लेपाच्या बाजूवर पसरून उन्हात ठेवतात. वनस्पतीतील फिनॉल गटाची द्रव्ये आणि क जीवनसत्त्व लेपातील चांदीच्या क्षारांचे रूपांतर धातुरूप चांदीत घडवतात. जेथे पान टेकलेले असते तेथे त्याचा बारीक ठसा उमटतो, उरलेला भाग उन्हाने रंगत जातो. त्यानंतर छायाचित्रणातील नेहमीच्या स्थिरीकरण द्रावणात पट्टी बुडवून धुतली की चित्र टिकते. सारे काम दिवसाउजेडी होत असल्याने अंधाऱ्या खोलीची गरज नसते, आणि मुदत संपलेली फिल्मही चालते. पानाच्या जातीनुसार, त्यातील पाण्यानुसार आणि उन्हाच्या तीव्रतेनुसार ठसा बदलतो.

याच्याशी संबंधित अशी कॉफी आणि धुण्याचा सोडा वापरून फिल्म धुण्याची रीत अमेरिकेतील रॉचेस्टर तंत्रज्ञान संस्थेत १९९५ मध्ये स्कॉट विल्यम्स यांच्या वर्गात पुढे आली. तिचा वापर आज जगभर हौशी कलावंत करतात.

ध्वनी

१६ मिमी फिल्मच्या एका कडेला प्रकाशीय ध्वनिरेषा असते. प्रोजेक्टर त्या कडेवरील उजेड-अंधाराचा चढउतार आवाजात बदलतो. त्यामुळे चिकटवलेले गवत किंवा पंख कडेपर्यंत गेले तर ते ऐकूही येते: सलग पट्टीचा गुणगुणाट, तुटक वस्तूंचा खडखडाट. ध्वनी वाचणारा भाग चित्राच्या दारापासून २६ चौकटी पुढे असल्याने एखाद्या वस्तूचा आवाज तिच्या चित्रानंतर सुमारे एका सेकंदाने ऐकू येतो.

महाराष्ट्रातील संबंधित प्रयोग

कॅमेऱ्याशिवाय हलते चित्र ही कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या छायाबाहुल्या कातड्याच्या असतात. त्यांच्यामागे दिवा ठेवून सावली पडद्यावर पाडली जाते. येथेही प्रेक्षक आणि दिवा यांच्या मध्ये प्रत्यक्ष वस्तूच असते.

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ केले. मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या, त्याआधीच हे खेळ सुरू झाले होते. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली पौराणिक चित्रे कंदिलासमोर झपाट्याने बदलून हालचालीचा भास निर्माण केला जाई आणि सोबत निवेदन व गायन असे. काच आणि फिल्म यांतील फरक सोडला तर पारदर्शक पट्टीवर हाताने काम करून ती थेट प्रक्षेपित करण्याची ही रीत कॅमेराविरहित चित्रपटाच्या फार जवळची आहे. चित्रपटाच्या इतिहासात तिचा उल्लेख बहुधा ‘चित्रपटापूर्वीचा खेळ’ एवढाच येतो.

दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये, ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी, कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून चित्रित केली. हा लघुपट कॅमेऱ्यानेच केलेला होता, पण भारतीय चित्रपटाच्या उंबरठ्यावर विषय म्हणून एक अंकुर होता हे लक्षणीय आहे. फाळके यांनी रोपाचा महिनाभराचा काळ मिनिटभरात आणला. चिकटवलेल्या पट्टीत याच्या उलट घडते: स्थिर, मृत पानाला प्रोजेक्टर काळ देतो.

अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’मध्ये चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकार एकत्र काम करत. तेथे नलिनी मलानी यांनी कॅमेऱ्याशिवाय, प्रकाशसंवेदी कागदावर थेट छायाचित्रे घडवली. ती स्थिर चित्रे आहेत, पण महाराष्ट्रात कॅमेऱ्याविना प्रकाशचित्रण जाणीवपूर्वक हाताळल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण आहे. प्रायोगिक चित्रपटांना वाहिलेला ‘एक्सपेरिमेंटा’ महोत्सव २००३ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर बंगळूरला गेला.

भंडारा जिल्ह्यातील नैसर्गिक साहित्य

भंडारा जिल्हा वैनगंगेच्या खोऱ्यात असून धानाची शेती, मालगुजारी तलाव आणि पानझडी वने ही त्याची ओळख आहे. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत तसर रेशमाचा व्यवसाय जुना आहे. तसरला येथे कोसा म्हणतात. ऐन आणि अर्जुन या झाडांवर तसर पतंगाच्या अळ्या वाढवल्या जातात. हे काम परंपरेने मुख्यतः ढिवर समाज करत आला आहे. मोहाडी, आंधळगाव आणि पवनी या भागांत कोशाच्या धाग्याचे विणकाम होते. करवतकाठी वस्त्रांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. राज्याच्या रेशीम संचालनालयाचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

तसर पतंगाच्या चारही पंखांवर प्रत्येकी एक गोल डोळा असतो. त्या डोळ्याच्या मध्यभागी पंखावरील खवले नसल्याने तो भाग काचेसारखा पारदर्शक असतो. इतर बहुतेक पतंगांचे पंख खवल्यांमुळे प्रकाश अडवतात आणि प्रक्षेपणात तपकिरी किंवा काळे दिसतात. तसर पतंगाच्या पंखात मात्र एक तयार खिडकी असते. पंख फिल्मपेक्षा बराच मोठा असल्याने तो कापून घ्यावा लागतो. ३५ मिमी पट्टीवर डोळ्याचा भाग सहज मावतो.

हे पंख मिळवण्यासाठी जीव मारण्याची आवश्यकता नसते. धाग्यासाठीचे कोश उकळले जातात, पण पुढील पिढीसाठी राखलेल्या बीजकोशांतून पतंग बाहेर पडतात. प्रौढ पतंग काही खात नाही आणि थोडेच दिवस जगतो. अंडी घातल्यानंतर मादीचे शरीर चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पेब्रिन या रोगासाठी तपासले जाते. ही पद्धत लुई पाश्चर यांच्या काळापासून रेशीम व्यवसायात रूढ आहे. त्या तपासणीत पंखांचा उपयोग नसतो आणि ते टाकून दिले जातात. ‘मॉथलाइट’मधील पतंग दिव्याने मेले होते. बीजागारातील पतंग आपले आयुष्य पूर्ण करून मरतो, एवढा नैतिक फरक या साहित्याच्या बाजूने आहे.

पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी दिव्यांभोवती गोळा होते आणि सकाळी दिव्याच्या खांबाखाली तिच्या गळालेल्या पंखांचा खच दिसतो. हे पंख लांबट, पातळ, फिक्या तपकिरी रंगाचे आणि जवळजवळ पारदर्शक असतात. १६ मिमी पट्टीवर एक पंख फार तर तीनेक चौकटी व्यापतो. चिकटवण्याच्या रीतीसाठी याहून सोयीचे साहित्य क्वचितच मिळेल.

महाराष्ट्रात शाळकरी मुले वहीत जपतात ते जाळी पडलेले पिंपळपानही उपयुक्त आहे. पान काही आठवडे पाण्यात कुजू दिल्यावर हलक्या ब्रशने गर काढला की केवळ शिरांची जाळी उरते. ती पातळ असते आणि प्रकाश अडवत नाही. तेंदूचे पान विडीसाठी निवडले जाते ते त्याच्या लवचिकपणामुळे, पण सुकल्यावर ते बरेच अपारदर्शक होते. फायटोग्रामसाठी कोवळे ताजे पान अधिक बरे. पळसाच्या फुलांचा केशरी रंग पाण्यात उतरतो आणि होळीत वापरला जातो. तो पारदर्शक पट्टीवरील जिलेटिनला रंगवू शकतो, मात्र उजेडात हळूहळू फिका पडतो. मोहाचे फूल गरदार आणि साखरयुक्त असते. चिकटपट्टीत ते चिघळते आणि त्याला मुंग्या लागतात. धानाचे तूस जाडीमुळे प्रोजेक्टरमध्ये चालत नाही, ठसा घेण्यासाठी मात्र चालते.

साहित्य गोळा करताना कायद्याची मर्यादा पाळावी लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातून वनोपज किंवा प्राण्यांचे अवशेष परवानगीशिवाय नेता येत नाहीत. कोका अभयारण्य, तसेच अंशतः या जिल्ह्यात येणारे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प यांना हे लागू होते. फुलपाखरांच्या अनेक जातींना याच कायद्याचे संरक्षण आहे, आणि मेलेले फुलपाखरूही त्यातून सुटत नाही. शेताचे बांध, घराचे अंगण, गावतळ्याचा काठ आणि बीजागारातील टाकाऊ पंख हे सुरक्षित स्रोत होत.

फिल्मची उपलब्धता

उदगमंडलम येथील हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची स्थापना १९६० मध्ये झाली. ती ‘इंदू’ या नावाने कृष्णधवल फिल्म बनवत असे. तिचे उत्पादन थांबल्यानंतर भारतात नवी फिल्म आयात करावी लागते. २००५ नंतर उपग्रहाद्वारे चित्रपट पोहोचवणारी डिजिटल यंत्रणा लहान गावांतील चित्रपटगृहांत पसरली आणि दशकभरात फिल्मच्या प्रती येणे जवळपास बंद झाले. तालुक्याच्या गावांतील एकपडदा चित्रपटगृहे आणि यात्रांतील तंबू सिनेमा यांचे प्रोजेक्टर त्यामुळे निकामी झाले. महाराष्ट्रातील फिरत्या तंबू सिनेमाच्या या अखेरच्या काळाचे चित्रण शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात आहे. जुन्या प्रती भंगारात गेल्या. त्यांच्यावरील लेप काढून मिळणारी पारदर्शक पट्टी हा आज कॅमेराविरहित चित्रपटासाठी स्वस्त मार्ग असला तरी एखादी दुर्मीळ प्रत धुऊन टाकली जाण्याचा धोका त्यात असतो. पट्टी धुण्यापूर्वी तिच्यावर काय आहे ते पाहून घेणे आणि शंका असल्यास पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थेकडे विचारणा करणे इष्ट ठरते.

जतन

चिकटवलेल्या मूळ पट्टीचे आयुष्य मर्यादित असते. चिकटपट्टीचा डिंक पिवळा पडतो आणि कडेने ओघळतो, पंख भुगा होतात, पाकळ्यांचा रंग उडतो. भंडाऱ्यातील उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सियसपर्यंत जातो आणि पावसाळ्यात हवा दमट असते. अशा हवामानात जिलेटिनवर बुरशी वाढते, आणि ॲसिटेट फिल्म असेल तर तिला शिरक्यासारखा वास येऊन ती आक्रसू लागते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि शक्य तेवढी थंड, कोरडी जागा एवढाच घरगुती उपाय आहे.

ब्राखाज यांनी मूळ पट्टीवरून प्रती काढल्या आणि प्रेक्षकांनी गेल्या सहा दशकांत पाहिला तो ‘मॉथलाइट’ म्हणजे या प्रती होत. प्रतीत पंख नसतो, पंखाचे छायाचित्र असते. प्रत दाखवायची की मूळ पट्टीच प्रोजेक्टरमधून न्यायची यावर कलावंतांत मतभेद आहेत. मूळ पट्टी चालवणाऱ्यांच्या मते प्रत्येक खेळात गळणारे तुकडे हा चित्रपटाचाच भाग आहे. काहींच्या कामात तर पट्टी पूर्ण झिजेपर्यंत दाखवली जाते. संग्रहालयांना हा मार्ग स्वीकारता येत नाही.

प्रोजेक्टर आणि छपाईची प्रयोगशाळा दोन्ही जवळ नसतील तेथे आता पट्टी स्कॅन केली जाते. साध्या कागदी स्कॅनरवर पारदर्शक वस्तूंसाठीचा दिवा असल्यास पट्टीचे तुकडे त्यावर ठेवून, किंवा प्रकाशपेटीवर ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने टिपून, चौकटी संगणकावर वेगळ्या करता येतात आणि सेकंदाला २४ या क्रमाने जोडता येतात. छिद्रांच्या खुणांवरून चौकटी जुळवल्या नाहीत तर चित्र उड्या मारते. या रीतीत प्रोजेक्टरच्या दाराची अट नसल्याने जाड देठ, तूस आणि अखंड बियाही वापरता येतात. दुसऱ्या मार्गाने मात्र चित्रपट अखेरीस कॅमेऱ्यातूनच पडद्यावर येतो, आणि त्याला कॅमेराविरहित म्हणावे काय, हा प्रश्न या क्षेत्रातील लेखनात वारंवार उपस्थित केला जातो.